नदीखोऱ्यातील मुक्कामी घोडा रात्री सुटून जातो: कारणांचा शोध आणि उपाय

दिवाळी सरल्यापासून माघ संपेपर्यंतच्या दिवसांत आम्ही चौघे-पाच जण आपापले घोडे घेऊन भोर-वेल्ह्याकडील नीरा, वेळवंडी आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांतून दोन-तीन मुक्कामांचे प्रवास करतो. असे प्रवास करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एक तक्रार असते. दिवसभर शहाण्यासारखा चाललेला घोडा रात्री मात्र दोर तोडतो, मेख उपटतो किंवा म्होरकीतून, म्हणजे तोंडावर बांधलेल्या दोरांतून, डोके काढून निघून जातो. घरच्या ठाणावर तो असे कधीच करीत नाही. मोकळ्या माळावरच्या मुक्कामातही सहसा करीत नाही. झाडीने भरलेल्या नदीकाठी मात्र हे पुन्हा पुन्हा घडते, आणि त्यावर बहुतेक जण आणखी जाड दोर आणतात. मीही तेच केले होते. एका हंगामात आमच्या घोडीने दोन दोर तोडले म्हणून तिसऱ्या वेळी मी नायलॉनचा जाड दोर लावला. तो तुटला नाही, पण पहाटे तिचा मागचा पाय त्यात अडकलेला सापडला आणि खुराच्या वरच्या खळगीतील कातडी सोलून निघाली होती. ती जखम भरायला दीड महिना लागला. त्यानंतर मी या प्रश्नाकडे दोराच्या बाजूने पाहणे सोडले आणि घोड्याच्या बाजूने पाहू लागलो. पुढे लिहिलेले सारे त्या बदललेल्या पाहण्यातून आलेले आहे.

आधी आजार नाही ना, हे पाहावे

रात्री ओढाताण करणारा प्रत्येक घोडा पळून जाऊ पाहत असतो असे नाही. पुढच्या पायाने जमीन उकरणे, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे पाहणे, पुन्हा पुन्हा बसून लोळणे, चारा पुढे असूनही तोंड न लावणे आणि लीद बंद होणे ही पोटशूळाची लक्षणे आहेत, आणि अंधारात ती खोडीसारखी दिसू शकतात. विसावलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती साठीच्या वर जाऊन तिथेच राहिली तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा. म्हणूनच मुक्कामाची जागा ठरवताना तिथे मोबाइलला रेंज आहे की नाही हेही पाहून ठेवावे.

पावसाळा नुकताच संपलेला असेल तर सर्रा हा दुसरा आजार लक्षात ठेवावा. गोमाशीसारख्या चावऱ्या माश्या तो एका जनावरापासून दुसऱ्याकडे नेतात. येऊन-जाऊन असणारा ताप, चारा खाऊनही उतरत जाणारे अंग, पाय आणि पोटाखाली येणारी सूज अशी चिन्हे असलेला घोडा प्रवासाला नेऊच नये. ही शंका फिटली की मगच पुढचा विचार करावा.

घोडा कोणत्या वेळी सुटला?

माझ्या अनुभवात सुटण्याची वेळ कारणाकडे बोट दाखवते. त्यामुळे ती वहीत लिहून ठेवण्याची सवय लावावी.

दिवेलागणीच्या सुमारास, बांधल्यावर पहिल्या तासाभरातच ओढाताण सुरू झाली तर बहुधा डास आणि केमरी यांचा त्रास असतो. साचलेल्या डबक्यांजवळ आणि दाट सावलीत ही चिलटे थव्याने उठतात व कानाच्या आत, पोटाखाली आणि मांड्यांच्या मध्ये चावतात. अशा वेळी जिथे वाऱ्याची झुळूक लागते अशा उंचवट्यावर घोडा हलवला की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

मध्यरात्रीनंतर सुटणारा घोडा बहुतेक वेळा भुकेला किंवा एकटा पडलेला असतो. घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान आहे आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहते. मोकळा असताना तो दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरतो. त्याला संध्याकाळी सातला तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, चढवून सकाळी सातपर्यंत रिकामे उभे केले, तर दोन वाजता तो चाऱ्याच्या शोधात निघणारच. तीनशे किलो वजनाच्या आपल्याकडच्या घोड्याला दिवसाला सुमारे सहा किलो कोरडी वैरण लागते. तिच्यातील निदान तीन किलो रात्रीसाठी राखावी, आणि तीही एकदम न टाकता निम्मी झोपण्यापूर्वी व निम्मी मध्यरात्री उठून द्यावी. वैरण घरच्या सवयीचीच असावी, कारण मुक्कामाच्या गावी मिळालेला वेगळा चारा पहिल्याच रात्री पोटभर घातला तर वर सांगितलेल्या पोटशूळाला आमंत्रण मिळते. भिजवून शिजवलेले हुलगे किंवा हरभरा ही चंदी जोर देते, पण रात्रभर तोंड चालू ठेवण्याचे काम कडब्याचे आणि गवताचेच आहे.

पहाटेच्या आधी, तीन ते पाचच्या दरम्यान, घाबरून एकदम सुटणारा घोडा हा खरा अवघड प्रकार. त्याचे कारण बहुतेक वेळा आपण निवडलेल्या जागेत असते.

जागा

नदीकाठची जागा माणसाला आवडते, कारण पाणी जवळ, सावली दाट आणि खळखळ कानाला गोड. घोड्याच्या दृष्टीने तीच खळखळ सर्वांत मोठी अडचण असते. घोडा रात्र ऐकून काढतो. त्याचे कान वेगवेगळ्या दिशांना वळू शकतात आणि धोका दिसण्याआधी तो ऐकलेला असावा, अशीच त्याची घडण आहे. दगडांवरून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज सतत कानावर असला की पाचोळ्यातील पाऊल त्याला ऐकू येत नाही. ऐकू येत नाही म्हणून तो झोपत नाही, आणि न झोपलेला घोडा पहाटेपर्यंत इतका ताणलेला असतो की एखादे रानडुक्कर झुडपातून गेले तरी तो दोरासकट उसळी घेतो.

हे मला प्रथम एका धनगर मामांनी सांगितले. पुणे-सातारा भागातील मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून वाटा तुडवत आले आहेत, आणि आपल्याकडे घोड्यांसह उघड्यावर मुक्काम करण्याचे सर्वांत खोल ज्ञान त्यांच्याजवळ आहे असे माझे मत आहे. नीरा आणि भीमा यांच्या खोऱ्यांत घडलेली भीमथडी घोड्यांची जात, जिची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद अलीकडे झाली, ती त्यांच्यामुळेच मोठ्या प्रमाणावर टिकून राहिली. मी त्यांना विचारले, “मामा, तुमची जनावरं रात्री कुठं निघून जात नाहीत का?” ते म्हणाले, “जातील कशाला? म्होरली घोडी बांधल्याली असती, बाकीची तिच्या आसपास ऱ्हात्यात.” मग आमच्या तंबूंकडे पाहून म्हणाले, “तुमी पार पान्याला चिकटून उतरलाय. या आवाजात तिला काय ऐकू येनार, सांगा बरं?” त्यांचा स्वतःचा वाडा, म्हणजे मेंढरांसह पडलेला तळ, नदीपासून बराच वर, काढणी झालेल्या रानात होता. ते रान त्यांनी मेंढ्यांच्या खतासाठी म्हणून धरले होते, पण उघड्यावर असल्याने त्यांच्या घोड्यांना चारही दिशांचे दिसत आणि ऐकू येत होते.

तेव्हापासून आम्ही जागेची एक साधी परीक्षा करतो. जिथे घोडा बांधायचा तिथे एकाने डोळे मिटून उभे राहावे आणि दुसऱ्याने पन्नास पावलांवर जाऊन पाचोळा तुडवावा. पाचोळ्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला नाही तर जागा बदलावी. बहुतेक वेळा पाण्यापासून साठ-सत्तर मीटर वर सरकले की फरक पडतो. एवढे अंतर ठेवल्याने लीद आणि मूत्र नदीत उतरत नाही, हा दुसरा लाभ. खालच्या गावाला तेच पाणी प्यायचे असते.

जागेचे दुसरे दुखणे वाऱ्याचे आहे. दिवसा उन्हाने तापलेली हवा खोऱ्यातून वर चढते, आणि सूर्य मावळल्यावर थंड झालेली जड हवा डोंगरउतारांवरून ओढ्या-ओहोळांच्या वाटेने खाली वाहू लागते. म्हणजे संध्याकाळी निवांत वाटलेल्या जागी मध्यरात्रीनंतर वरच्या रानाचा सारा वास येऊ लागतो, आणि त्यात बिबट्याचा वास असू शकतो. ओढा जिथे नदीला मिळतो तो कोपरा त्यामुळे विशेष वाईट. थंड हवा तिथेच उतरते, दव आणि धुके तिथेच साचते, आणि रानातली जनावरे पाण्यावर येण्यासाठी हीच वाट धरतात. अशा ठिकाणी चिखलात भेकर, सांबर किंवा डुकरांचे ताजे ठसे दिसले तर तो पाणवठा त्यांचा समजून दूर जावे. आमच्या घोडीने त्या हंगामात ओढाताण केलेल्या तीनपैकी दोन जागा अशाच संगमाच्या होत्या, हे मला नंतर वही चाळताना उमगले.

तिसरी बाब पाण्याच्या पातळीची. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा-देवघर आणि गुंजवणीच्या खोऱ्यात त्याच नावाचे धरण आहे. धरणाच्या खालच्या बाजूला असाल तर हिवाळ्यातही, आभाळ स्वच्छ असताना, रब्बीचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडायचे पाणी, सुटले की नदी चढते. काठावरच्या वाळूत बांधलेल्या घोड्याच्या पायाशी रात्री पाणी आले तर तो घाबरून सुटणारच, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. आवर्तन कधी आहे हे काठावरच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. जागा खासगी असल्यास मालकाला आणि वनखात्याची असल्यास वनरक्षकांना विचारूनच उतरायचे असते, तेव्हाच हेही विचारून घ्यावे.

बांधण्याची पद्धत

जुन्या लष्करी तळांवर घोडे अगाडी-पिछाडी लावून बांधत. पुढे म्होरकीचे दोन दोर दोन मेखांना आणि मागे पायांचे दोर तिसऱ्या मेखेला. देशावरच्या घट्ट जमिनीच्या मैदानांत ही पद्धत उत्तम चालते. नदीकाठच्या भुसभुशीत गाळात आणि वाळूत मात्र मेख धरत नाही. घोड्याने एक हिसका दिला की ती उपटून येते, दोराच्या टोकाला लोंबकळत त्याच्या पायांवर आपटते, आणि मग आधी नुसता बेचैन असलेला घोडा उधळतो. एकट्या झाडाच्या बुंध्याला कमी उंचीवर बांधणे हेही तितकेच वाईट. घोडा बुंध्याभोवती फिरत राहतो, दोर गुंडाळला जाऊन आखूड होतो, साल सोलली जाते आणि मुळांवरची माती उकरली जाते.

झाडीत सर्वांत भरवशाची ठरते ती उंच दावण. मनगटापेक्षा कितीतरी जाड, निदान वीतभर रुंद बुंध्याची दोन जिवंत झाडे सात-आठ मीटर अंतरावर निवडावीत आणि त्यांच्यामध्ये सुमारे सात फूट उंचीवर एक मजबूत दोर ताणून बांधावा. दोर सरळ सालीवर बांधू नये. खाटेची दोन इंच रुंद नवार बुंध्याभोवती गुंडाळून तिच्यात दोर अडकवावा, म्हणजे साल कापली जात नाही. ऐन, जांभूळ, आंबा ही झाडे चांगली. पांगारा आणि सावर यांचे लाकूड हलके असते, ती टाळावीत. बिब्ब्याच्या झाडाजवळ तर जाऊच नये, त्याच्या चिकाने माणसाच्या अंगावर फोड येतात. कण्हेर नदीपात्राच्या कडेने आपोआप वाढलेली असते, आणि तिची थोडीशी पाने पोटात गेली तरी घोडा दगावू शकतो, म्हणून दावणीच्या आसपास दहा-बारा पावले चालून ती नाही याची खात्री उजेड असतानाच करून घ्यावी. त्याच फेरीत मान वर करून आग्यामोहोळ आहे का तेही पाहावे. मोठ्या झाडांवर आणि कड्यांवर ते हमखास असते, आणि खाली धूर झाला तर बांधलेल्या घोड्याला पळायलाही वाट उरत नाही.

घोड्याचा दोर दावणीला जिथे अडकवायचा ती जागा झाडापासून चार-पाच फूट लांब असावी, म्हणजे तो बुंध्यापर्यंत पोचत नाही. दोन घोड्यांमध्ये आठ-दहा फूट अंतर ठेवावे. दोराला भोवरकडी, म्हणजे गरगर फिरणारी कडी, असेल तर पीळ पडत नाही. आता लांबीबद्दल, कारण बहुतेक जखमा इथेच होतात. घोड्याने मान खाली केल्यावर म्होरकीची कडी जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर थांबली पाहिजे. एवढ्या लांबीत तो जमिनीवरची वैरण खाऊ शकतो आणि बसूही शकतो, पण दोराचा झोळ पायात येईल इतका खाली उतरत नाही. लांब दोर दिला म्हणजे घोड्यावर दया केली, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या घोडीची जखम त्याच दयेतून झाली होती.

गाठ नेहमी सुरगाठ असावी. ताणलेली निरगाठ संकटाच्या वेळी बोटांनी सुटत नाही, म्हणून कमरेला चाकूही असू द्यावा. पहिल्या दिवशी तासाभराने दावण सैल पडते. ती झोपण्यापूर्वी पुन्हा ताणून घेतली नाही तर वर सांगितलेली सारी मापे निरुपयोगी होतात.

पायबंदाबद्दल विचारणा फार होते. पुढच्या दोन पायांना रुंद, मऊ पायबंद घालून दिवसा नजरेसमोर चरायला सोडणे ठीक आहे, पण त्याची सवय घरीच, आठवडाभर थोडी थोडी करून लावावी लागते. रात्री, आणि विशेषतः नदीजवळ, तो घालू नये. पायबंद घातलेला घोडा उड्या मारत बरेच अंतर कापतो आणि डोहात उतरला तर त्याला पोहता येत नाही.

सोबत आणि उजेड

एकटा घोडा झाडीत शांत राहील अशी अपेक्षा ठेवू नये. त्याला दुसरा घोडा दिसला पाहिजे, आणि जो घोडा दिवसभर पुढे चालला त्याला दावणीच्या मधोमध बांधावे. शेकोटी दावणीपासून तीस पावले तरी लांब असावी. अंधारात घोड्याला आपल्यापेक्षा चांगले दिसते, पण उजेडातून अंधाराला सरावायला त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रात्री फेरी मारताना विजेरीचा झोत त्याच्या तोंडावर टाकला तर पुढची काही मिनिटे तो जवळजवळ आंधळा उभा असतो. झोत जमिनीकडे ठेवावा आणि जवळ येण्याआधीच हलक्या आवाजात बोलत राहावे.

तरीही सुटला तर

घोडा बहुधा आल्या वाटेने, मागच्या मुक्कामाकडे किंवा घराकडे जातो. म्हणून तंबू टाकतानाच ते आल्या वाटेच्या तोंडावर टाकावेत, म्हणजे सुटलेल्या घोड्याला माणसांजवळून जावे लागते. भोर-नसरापूर भागात हे फार महत्त्वाचे आहे, कारण खोऱ्याच्या तोंडाशी पुणे-सातारा महामार्ग आहे आणि रात्रीच्या वाहनांपुढे घोडा आला तर काय होते ते सांगायला नको. त्याच्या मागे धावू नये. एकाने दुसरा घोडा हातात धरून चालत निघावे, दुसऱ्याने तोबऱ्यात मूठभर चंदी खुळखुळवत यावे, आणि बाकीच्यांनी उरलेले घोडे सोडून जाऊ नये. म्होरकीला आपला फोन नंबर कोरलेली पत्र्याची पट्टी कायमची लावून ठेवावी. गावकरी सुटलेले जनावर बांधून ठेवतात, पण कोणाला कळवायचे हे त्यांना समजले पाहिजे.

सापडल्यावर आधी चारही पाय, खुरांच्या वरच्या मागच्या खळग्यांसह, हाताने चाचपून पाहावेत. दोराने घासलेली जखम वरवर साधी दिसते. ती भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरड्या स्वच्छ कापडाने झाकून, त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावी. घोड्याला धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा फार अधिक असतो, त्यामुळे त्याची लस प्रवासापूर्वी झालेली असणे मी अत्यावश्यक मानतो. जखमी घोड्यावर खोगीर चढवू नये, त्याला हाताने धरून चालवत आणावे.

उपाय लागू पडला की नाही हे कसे ओळखायचे, असा प्रश्न उरतो. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी अंग टाकावे लागते, आणि जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे तो अंग टाकीत नाही. नव्या जागी पहिल्या रात्री तो बसला नाही तर काळजी करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी खरारा करण्याआधी त्याच्या कुशीकडे आणि खांद्याकडे नीट पाहावे. तिथे पाचोळा, गवताची काडी किंवा वाळलेल्या मातीचा डाग चिकटलेला असला, तर ती जागा वहीत नोंदवून ठेवावी आणि पुढच्या वर्षी तिथेच उतरावे.